मदत हवी आहे: जन्मदाखल्यात नाव घालायचंय, बडोद्यात कुठे जायचं?

मांजलपूरवाली: मुलाचा दाखला आहे, पण नावाची जागा कोरी. ज्युनियर केजीचा फॉर्म भरायचाय, शाळेला नावासकट दाखला हवा. वॉर्ड ऑफिसातून "इथे नाही होणार" म्हणून कागद परत. कारण सांगत नाहीत. लवकर सांगा.

जुना_बडोदेकर: सरळ खंडेराव मार्केट. पालिकेचं मुख्य ऑफिस तिथेच.

शेवउसळ: मामलतदार कचेरीत सोगंदनामा (प्रतिज्ञापत्र) करा. माझ्या पुतण्याचं तसंच झालं.

सूरसागरकाठी: पुतण्याची नोंदच वर्षभरानंतर झाली असेल, त्याला मॅजिस्ट्रेटचा हुकूम लागतो. इथे नोंद आहे, नाव नाही. जन्म-मृत्यू नोंदणीच्या 1969 च्या कायद्यात त्याला वेगळं कलम, 14 वं. नोंदीपासून वर्षभर फुकट, पुढे 15 वर्षांपर्यंत लेट फी. ताई, मुलगा केवढा? जन्म कुठला?

मांजलपूरवाली: चार पूर्ण. पहिलं बाळंतपण, माहेरीच ना. इंदूरला.

सूरसागरकाठी: अहो, मग हे आधी सांगायचं! जन्म जिथे, नोंद तिथे. बडोद्याच्या रजिस्टरात तो नाहीच, खिडकीवाला नाव कशात घालणार?

जुना_बडोदेकर: तरी खंडेराव मार्केट बघाच. 1906 ची इमारत आहे, सयाजीरावांच्या काळातली. आता असं कोण बांधतं!

विमानवारी: पासपोर्टचंही उरकून घ्या. 1 ऑक्टोबर 2023 ला किंवा नंतर जन्मलेल्यांना जन्मतारखेसाठी दाखलाच लागतो.

सूरसागरकाठी: मुलगा चार वर्षांचा, पासपोर्ट कोणी विचारलाय?

राजवाडा_इंदूर: दाखल्याखाली शिक्का कोणाचा? सरकारी दवाखान्यात जन्म असेल तर नोंद तिथेच असू शकते, नगर निगमात (इथली महापालिका) नाही.

मांजलपूरवाली: निगमाचाच आहे. भाऊ इंदूरला आहे, तो गेला तर?

राजवाडा_इंदूर: मामा चालणार नाही. नाव आईवडिलांनीच द्यायचं.

सूरसागरकाठी: द्यायचं आईवडिलांनीच, पण तोंडी किंवा लेखी, असं कायदा म्हणतो. तुम्ही दोघं सही करून अर्ज लिहा, दाखल्याची प्रत आणि दोघांची आधार जोडा. भावाने फक्त नेऊन द्यायचं. आधी तिथल्या खिडकीवर त्याला विचारायला सांगा. आणि इथल्या शाळेत आडनाव आधी लिहितात. दाखल्यात कसं हवं ते अर्जाआधीच ठरवा, मागून बदलायला नाकी नऊ येतात.

शेवउसळ: सोगंदनामा करून ठेवायला काय जातं?