'थालवेग'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका: बोट्स्वाना आणि नामिबिया यांच्यातल्या चोबे नदीच्या वादावरचा लेख मराठीत करते आहे. साडेतीन चौरस किलोमीटरचं बेट, बोट्स्वानाचं 'सेदुदु', नामिबियाचं 'कासिकिली'. १८९०च्या ब्रिटिश-जर्मन करारात इंग्रजी मजकूर म्हणतो सीमा 'मुख्य प्रवाहाच्या मध्यातून', जर्मन मजकूर म्हणतो 'थालवेग'. म्हणजे पात्रातल्या सगळ्यात खोल जागा जोडणारी रेषा. मी शब्द तसाच ठेवला, तर संपादकांनी 'प्रवाहाचा वेग' अशी दुरुस्ती करून पाठवला! 'मध्यरेषा' लिहिलं तर दोन मजकुरांतला फरकच पुसला जातो. काय करू?

व्युत्पत्तीवेडा: 'तळवाट' करा. थाल म्हणजे आपलं स्थल, तळ. वेग म्हणजे वाट. शब्द घरचाच आहे.

राइनकाठ: नाही हो. जर्मनमध्ये 'टाल' म्हणजे दरी, त्याचा सख्खा भाऊ इंग्रजीतला 'डेल'. स्थलाशी नातं नाही. उच्चारही 'टालवेक'. तसं लिहिलंत तर 'वेग'चा घोळ आपोआप मिटेल.

व्युत्पत्तीवेडा: नातं नसेल, पण तळवाट ऐकल्याबरोबर कळतं. टालवेक कुणाला कळणार?

वारणाकाठ: आमच्याकडे त्याला धार म्हणतात. पोहायला शिकवताना आजोबा ओरडायचे, "काठाकाठानं ये, धारेला लागू नको!" वळणावर धार बाहेरच्या काठाला घासून जाते, आतल्या अंगाला नुसती वाळू. मध्य एकीकडे, खोल पाणी दुसरीकडे. ताईंना हाच फरक दाखवायचा आहे ना? 'खोल धार' लिहा.

खाडीपल्याड: दादा, धार म्हणजे ओढ. खडकावर घोटाभर पाण्यालाही धार असते. माझे आजोबा तरीवर होते. ओहोटीला बांबू टेकवत, समोर धक्का दिसत असूनही होडी नागमोडी न्यायचे. त्याला आमच्या घरात 'पाण्याची वाट' म्हणत. तळवाट त्याच्या जवळ जाते.

कायदेकानू: ही आंतरराष्ट्रीय कायद्याची संज्ञा आहे. पाकिस्तानशी असलेल्या सर क्रीक या खाडीच्या वादात भारताची भूमिका याच तत्त्वावर उभी आहे. उद्या एक जण धार लिहील, दुसरा तळवाट, आणि वाचकाला वाटेल दोन निराळ्या गोष्टी आहेत. मूळ शब्द ठेवा, पहिल्यांदा अर्थ सांगा.

वारणाकाठ: म्हणजे नदी आमच्या दारातून वाहते आणि शब्द मात्र जर्मनीहून आणायचा? हे मला मान्य नाही. नदीकाठच्या माणसाला न विचारता कोश भरले, म्हणूनच असे शब्द सापडत नाहीत.

कायदेकानू: शिवाय १३ डिसेंबर १९९९च्या निकालात आंतरराष्ट्रीय न्यायालयानं 'प्रवाहाचा मध्य' आणि 'थालवेग' यांचा अर्थ एकच धरला. खरा प्रश्न होता, बेटाच्या उत्तरेचा फाटा मुख्य की दक्षिणेचा. खोली, रुंदी, वाहणारं पाणी पाहून उत्तरेचा मुख्य ठरला, सीमा त्यातल्या खोल रेषेवरून गेली आणि बेट बोट्स्वानाकडे आलं. तेव्हा ताई, 'मुख्य' या शब्दाला जपा.

अनुवादिका: हे लेखात पुढे येतंच. पण न्यायालयानं दोन शब्द एक मानले हे वाचकाला कळायचं, तर आधी ते दोन दिसायला हवेत.

वारणाकाठ: एक शंका. दरवर्षी पुरात काही महिने पाण्याखाली जाणाऱ्या जमिनीला बेट का म्हणायचं? नामिबियाच्या कॅप्रिवी पट्ट्यातले मासुबिया लोक पाणी ओसरलं की तिथे पेरायचे. आमच्याकडे अशा जमिनीला मळी म्हणतात.

खाडीपल्याड: मळी काठाला लागून असते. चारी बाजूंनी पाणी असलं की आमच्याकडे जुवा. राजापूर तालुक्यात जुवे नावाचं गावच आहे, गोव्यातही जुवें आहे.

व्युत्पत्तीवेडा: जुवे हा शब्द 'द्वीप'वरूनच आला असणार!

राइनकाठ: मधले टप्पे दाखवा, मग मानतो.

अनुवादिका: मंडळी, लेख उद्या सकाळी द्यायचा आहे. सध्या 'टालवेक (खोल पाण्याची वाट)' असं लिहिते आहे.

वारणाकाठ: कंसातलं बाहेर काढा आणि बाहेरचं कंसात घाला.

खाडीपल्याड: आणि बेटाचं काय ठरलं?