गुरू आणि सौरडाग: ताळा जुळत नाही

गुरूची सूर्याभोवतीची फेरी बारा वर्षांची, सौरडागांचं, म्हणजे सूर्यावरच्या काळ्या डागांच्या वाढ-घटीचं चक्र अकराचं, आणि डागांचा पावसाशी संबंध, म्हणून गुरूवरून दहा वर्षं पुढचा पाऊस सांगता येईल, असं काहीजण म्हणतात; ते मला पटत नाही. गुरूची फेरी ठाम ११.८६ वर्षांची, डागांचं चक्र कधी ९ वर्षांत संपतं, कधी १४ लागतात. मी तारखा शेजारीशेजारी मांडून पाहिल्या. १९७५ मध्ये गुरू सूर्याच्या सर्वांत जवळ होता तेव्हा डाग अगदी तुरळक, मार्च १९७६ ला तर नीचांकच. १९९९ मध्ये गुरू पुन्हा त्याच जागी, आणि डाग मात्र वाढत शिगेकडे निघालेले!

राहू-केतूंचं, म्हणजे चंद्राच्या पातबिंदूंचं (चंद्राची वाट सूर्याच्या आकाशातल्या वाटेला छेदते त्या दोन बिंदूंचं) १८.६ वर्षांचं चक्र मात्र समुद्राच्या भरतीत खरोखर मोजता येतं. आकाशातल्या चक्रांचा परिणाम शोधायचाच असेल तर तिथे शोधा.