आधी आवाज सारखा करा, मग तुलना

स्पीकरच्या दोन जोड्यांची तुलना करून वर दोघांनी लिहिलंय की दुसरी जोडी ‘जास्त खुलते’. असेलही, पण ऐकताना दोन्हींची पातळी सारखी होती का? एकीची सेन्सिटिव्हिटी (ठरावीक पॉवरवर स्पीकर किती मोठा वाजतो ते) ८५ डेसिबल (डीबी) आणि दुसरीची ८८ असेल, तर नॉब त्याच जागी ठेवला तरी दुसरी ३ डीबी मोठी वाजणार, आणि कानाला मोठं ते छान वाटतं. (तेवढाच आवाज काढायला पहिलीला अँप्लिफायरकडून दुप्पट पॉवर लागते.) फोनवरचं साधं डीबी मीटर बसायच्या जागी धरा, पिंक नॉइज (खालपासून वरपर्यंत सगळे सूर असलेला एकसारखा ‘श्श’ आवाज) लावा आणि दोन्ही जोड्या एका पातळीवर आणा. तुलनेपुरतं तेवढं पुरे.

बेस, म्हणजे खालचे सूर, घुमतो ही तक्रार मला खोलीची वाटते. मागे पोर्ट (हवेसाठी भोक) असलेला स्पीकर भिंतीला चिकटवला की खालचे सूर फुगतात, डग्गा नुसता घुमत राहतो. आधी हातभर पुढे ओढून बघा. जागाच नसेल तर सीलबंद कॅबिनेटचा विचार करा. त्याचा बेस कमी खोल, पण आटोपशीर असतो. बीबीसीने १९७० च्या दशकात तयार केलेला एलएस३/५ए हा स्पीकर सीलबंदच होता. त्यात पाइप ऑर्गनचे खोल सूर शोधू नयेत, पण माणसाचा आवाज ऐकावा तर त्यावर!

ट्वीटर (स्पीकरमधला वरचे सूर वाजवणारा छोटा भाग) कानाच्या उंचीला हवा. स्पीकर टेबलावर ठेवणार असाल तर थोडे मागे कलते करा.

किती वॉट हवेत, या वादात मी पडत नाही. खोली केवढी आहे आणि भिंतीपासून किती अंतर मिळतंय, ते सांगाल का?