पत्र्यातली अक्षरं

विणकरांनी मिळून रचलेली कविता सोलापूरच्या शिल्पासाठी २ मिमी पोलादी पत्र्यात लेसरने आरपार कापायची, असं या चर्चेत ठरतंय. पत्रा ३ मिमीच्या खाली नको, डुगडुगतो. खरी गोम निराळीच: व, ब, म यांच्या पोटातला तुकडा कापताच निखळून पडतो आणि अक्षराचं नुसतं भोक होतं. प्रत्येक पोटाला ४-५ मिमीचे दोन सांधे, म्हणजे तो तुकडा धरून ठेवणारे न कापलेले दुवे, ठेवा. शिरोरेघही सलग कापू नका. अक्षरांमधल्या पट्ट्या वरून सुट्या होऊन बाहेर वाकतात, पोरांचे शर्ट अडकतील. सोलापूरचं ऊन तर माहीतच आहे! ४० अंशांच्या फरकाने ३ मीटर पोलाद जवळपास दीड मिमी वाढतं. तेव्हा एका बाजूची बोल्टची भोकं लांबट ठेवा. चारही बाजूंनी वेल्डिंग केलंत तर मे महिन्यात पत्रा फुगलाच समजा.