डेल्टा पसरत असताना कोविशील्डचे 84 दिवस: चूक की नाइलाज?

अमरावतीकर
13 मे 2021 ला आपण कोविशील्डच्या दोन डोसांमधलं अंतर 6-8 आठवड्यांवरून 12-16 आठवड्यांवर, म्हणजे किमान 84 दिवसांवर नेलं. दुसऱ्याच दिवशी ब्रिटननं डेल्टा या कोरोनाच्या नव्या प्रकाराच्या धास्तीनं पन्नाशीपुढच्यांसाठी ते 12 वरून 8 वर आणलं. हा विषाणू आपल्याकडचाच. महाराष्ट्रातल्या नमुन्यांत बदल दिसताहेत, हे मार्चमध्येच जाहीर झालं होतं.

माझ्या वडिलांचा पहिला डोस 5 एप्रिलचा. जुन्या हिशेबानं मेअखेर दुसरा झाला असता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ताप आला आणि ते दवाखान्यातून परत आलेच नाहीत. एका डोसानं डेल्टाच्या लक्षणांपासून जेमतेम 33 टक्के संरक्षण मिळतं, हे ब्रिटनच्या आकड्यांतून मे महिन्यातच कळलं होतं. निदान साठीपुढच्यांसाठी तरी अंतर कमी करायला हवं होतं. चूक होती ती, आणि मी तिला चूकच म्हणणार.

सूक्ष्मदर्शक
दादा, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. तरीही मला हे पटत नाही. 33 टक्के हा आकडा साध्या तापखोकल्यासकटचा आहे. रुग्णालयात भरती होण्यापासून एका डोसाचं संरक्षण 71 टक्के होतं, दोन डोसांचं 92.

आणि मे महिना आठवा. लसच नव्हती! राज्याला 18-44 वयोगटाचं लसीकरण थांबवावं लागलं होतं. दोन डोस असतील तर एकालाच दोन द्यायचे की दोघांना एकेक? त्या महिन्यात मीही दोघांनाच दिले असते. शिवाय मूळ चाचण्यांत 12 आठवड्यांच्या अंतरानं परिणाम जास्त चांगला दिसला होता.

अमरावतीकर
त्या चाचण्या डेल्टाच्या आधीच्या. आणि तुमचेच आकडे उलटून बघा. लस नसती तर जे शंभर जण भरती झाले असते, त्यांतले एका डोसावर 29 होतात, दोन डोसांवर 8. म्हाताऱ्या माणसासाठी हा फरक किरकोळ नाही, आणि खाटा मोजणाऱ्या जिल्हा रुग्णालयासाठीही नाही. बरं, परदेशी शिकायला जाणाऱ्यांना आणि ऑलिंपिकच्या खेळाडूंना जूनमध्ये 28 दिवसांनी दुसरा डोस मिळाला. त्यांच्यासाठी निघाली ना लस?

वॉर्डातली ताई
मुंबईत परिचारिका आहे. मेबद्दल तुम्ही दोघं भांडा, मला डिसेंबरबद्दल बोलायचंय. आमचे डोस 2021 च्या सुरुवातीचे. ओमायक्रॉन या डेल्टानंतरच्या प्रकाराचा राज्यातला पहिला रुग्ण 4 डिसेंबरला डोंबिवलीत सापडला. आम्हाला तिसरा डोस 10 जानेवारीपासून सुरू झाला. तोवर, 7 जानेवारीला, मुंबईत एका दिवसात 20,971 रुग्ण झाले होते. खाटा रिकाम्या होत्या, पण माणसं कुठून आणायची? आमच्या पाळीतल्या निम्म्या जणी पॉझिटिव्ह. उरलेल्यांनी सलग दोन-दोन पाळ्या केल्या. दोन डोस झालेले म्हणून कुणी दगावलं नाही, हे खरं. पण तापानं फणफणलेली सिस्टर सलाईन लावू शकत नाही.

सूक्ष्मदर्शक
ताई, डिसेंबरचं मान्य. तेव्हा टंचाईचं कारण उरलंच नव्हतं, मागणी नाही म्हणून कोविशील्ड बनवणारी सीरम कंपनी उत्पादन निम्म्यावर आणायच्या बेतात होती. तो महिना निव्वळ वाया गेला. मेच्या बाबतीत मात्र मी माझ्या मतावर ठाम आहे.

अमरावतीकर
आणि मी माझ्या. 84 वा दिवस 28 जूनला येत होता. बाबांनी कॅलेंडरवर त्या तारखेला गोल करून ठेवला होता.