मे महिन्यात कुटुंबासह कयाकिंग: तलाव बरा की खाडी?

माहेरवाशीण:
नमस्कार. मुलांच्या सुट्टीत आम्ही दरवर्षी कुडाळला माझ्या माहेरी येतो. गेल्या मे महिन्यात मी, यजमान, ६६ वर्षांची आई, १४ वर्षांचा मुलगा आणि ८ वर्षांची मुलगी असे पाच जण एका तलावावर कयाक चालवायला गेलो होतो. जेवण उरकून दुपारी दोन वाजता पाण्यात उतरलो. जाताना वल्हे नुसते टेकवले तरी कयाक पुढे सरकत होती, म्हणून बोलता बोलता पलीकडच्या काठापर्यंत पोहोचलो. परतताना मात्र वारा समोरून लागला आणि यजमान व मुलगी बसलेली कयाक तासभर पाण्याच्या मध्यावरच अडकून राहिली. मुलीला मोठ्या माणसाचे लाइफ जॅकेट मिळाले होते. ती बसली की ते कानांपर्यंत वर सरकत होते आणि मी ते निघण्यापूर्वी पाहिले नाही, याची रुखरुख अजून गेलेली नाही.

तरीही त्या दिवशी आईने दहा मिनिटे स्वतः वल्हे मारले आणि रात्री निजेपर्यंत ती त्याविषयीच बोलत होती. त्यामुळे यंदाही जायचे आहे. तलाव निवडावा की कर्लीची खाडी, वेळ कोणती धरावी आणि कोणाला कोठे बसवावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

खाडीकाठचा:
ताई, तुम्हाला जो वारा लागला तो मे महिन्यात रोजचाच आहे. ऊन चढले की जमीन समुद्रापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून खारे वारे आत येतात. दुपारी त्यांचा जोर सर्वांत जास्त असतो. रात्री उलटे होते आणि पहाटे जमिनीकडून हलके मतलई वारे वाहतात. म्हणून कुटुंबासह जायचे तर उजाडल्यावर लगेच उतरावे आणि दहाच्या आत काठाला लागावे. शिवाय तलाव असो वा खाडी, आधी वाऱ्याच्या तोंडावर जावे, म्हणजे दमल्यावर परतताना वारा पाठीशी राहतो. तुमचे नेमके याच्या उलट झाले.

खाडीत याच्या जोडीला भरती आणि सुकती पाहावी लागते. तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ अदमासे कळते, हा जुना हिशेब तुम्ही ऐकला असेल. तो मुंबईकडे बराच जुळतो. मालवणच्या बाजूला भरती त्याच्या आधी पूर्ण होते. म्हणजे द्वादशीला हिशेबाने नऊ वाजतात, पण आमच्याकडे आठच्या सुमारास पाणी भरलेले असते. सकाळच्या मोहिमेला अशीच तिथी हवी. भरतीबरोबर पूर्वेकडे, कांदळवनाच्या अंगाने वर जावे, पाणी थबकले की जरा विसावा घ्यावा आणि सुकती हळूहळू सुरू झाली की तिच्याबरोबर परतावे. मात्र सुकतीच्या वेळी देवबागच्या संगमाकडे कयाक मुळीच नेऊ नये, कारण तेथे नदीचे पाणी समुद्रात ओढ घेते आणि ती ओढ वल्ह्याला आवरत नाही. अमावास्या व पौर्णिमेच्या उधाणात हा ओघ आणखी वाढतो.

वल्हेवाली:
वाऱ्याविषयी वरच्या उत्तरात सर्व आले आहे, म्हणून मी केवळ बसण्याविषयी आणि जॅकेटविषयी लिहिते. दोघांच्या कयाकमध्ये वजनदार व सरावाची व्यक्ती मागे बसते, कारण दिशा मागच्याच्या हातात असते. तुमच्या यजमानांच्या पुढे मुलगी आणि तुमच्या पुढे आई, अशा जोड्या कराव्यात. १४ वर्षांच्या मुलाला एकट्याची कयाक देण्याचा मोह होईल, परंतु त्याला एखाद्या प्रशिक्षकाबरोबरच बसवावे.

लहान मुलाचे जॅकेट मापाचे आहे की नाही, हे सर्व पट्टे आवळल्यावर खांद्यांपाशी धरून वर उचलून पाहावे. जॅकेट हनुवटीच्या वर सरकले तर ते निरुपयोगी आहे. पायांमधून जाणारा पट्टा असलेले लहान मापाचे जॅकेट नसेल, तर त्या दिवशी मुलीला पाण्यात नेऊ नये, मग ती कितीही रडो. निघण्यापूर्वी कमरेइतक्या पाण्यात एकदा मुद्दाम कयाक उलटवून पाहावी. उलटल्यावर काठाकडे पोहत न सुटता कयाकलाच धरून राहायचे, हे मुलांच्या अंगवळणी तेव्हाच पडते.

डोंगरपायथा:
तुमच्या आई बरोबर असल्याने मी तलावाच्या बाजूने मत देईन. तेथे ओघ नसतो, पाणी बहुतेक संथ असते आणि थकल्यावर जवळचा काठ गाठता येतो. आमच्या मालवण तालुक्यातला धामापूरचा तलाव १५३० साली बांधलेला आहे. २०२० मध्ये त्याला जागतिक वारसा सिंचन वास्तू म्हणून मान्यता मिळाली. भगवती मंदिराच्या पायऱ्यांवरून सकाळचे ते पाणी पाहणे हाही एक आनंद आहे. मात्र हे पिण्याचे पाणी आहे, म्हणून तेथे काय चालते आणि काय नाही, हे गावात विचारूनच ठरवावे. कोणत्याही गोड्या पाण्यात उतरण्यापूर्वी सुसरींची चौकशी करावी. चिपळूणच्या वाशिष्ठीत मगरी राहतात, हे सर्वांना ठाऊक आहेच. आमची माणसे त्यांनाच सुसरी म्हणतात. तलावात कमळांचे देठ व शेवाळ असलेल्या भागात वल्हे अडकते, तेवढे टाळावे.

माहेरवाशीण:
सर्वांचे मनापासून आभार. आईला पहिल्या दिवशी तलावावर नेऊ आणि खाडीत आम्ही चौघे दुसऱ्या दिवशी जाऊ, असे ठरवले आहे. मुलीच्या मापाचे जॅकेट कालच विकत आणले. एक शंका राहिली: भरती एकादशीलाही सकाळीच येते, तर रविवारी पडणारी एकादशी धरावी का?

खाडीकाठचा:
पाण्याच्या दृष्टीने चालेल, पण त्या दिवशी पाणी सातच्या सुमारासच भरेल, म्हणजे अंधारात निघावे लागेल. शिवाय घरात कोणाचा उपवास असेल, तर रिकाम्या पोटी उन्हात वल्हे मारणे बरे नाही. द्वादशीलाच, घावणे खाऊन, साडेसहाला निघा.