वळणावर मोटारसायकल पडते ती वेगामुळे, की वळवता न आल्यामुळे?

घाटवाट

गेल्या डिसेंबरात भोरहून महाडकडे वरंधा घाट उतरताना एका डाव्या वळणावर माझी मोटारसायकल समोरच्या मार्गिकेत गेली. वेग ४५ च्या आसपास होता. वळणात शिरल्यावर ते वाटले होते त्यापेक्षा अधिक आवळत गेले, मी घाबरून पुढचा ब्रेक दाबला आणि आणखी आत कलण्याऐवजी गाडी कल सोडून सरळ होऊन मधली रेषा ओलांडून गेली. समोरून त्या क्षणी कोणी येत नव्हते, एवढ्यामुळेच मी आज हे लिहितो आहे.

थांबून मागे चालत गेलो. रस्ता कोरडा होता, खडी नव्हती, टायर नवे होते. पुढच्या महिन्यात तेच वळण मी त्याच वेगाने, ब्रेकला हात न लावता आणि वळणाच्या शेवटाकडे नजर ठेवून घेतले, तेव्हा गाडीचा कोणताही भाग रस्त्याला घासला नाही. गाडी वळायला तयार होती. मीच तिला वळू दिले नव्हते.

यावर थोडे गणित करून पाहिले. त्रिज्या ३० मीटर असलेल्या सपाट वळणावर ताशी ४० किलोमीटरला सुमारे २३ अंश कल लागतो, ४५ ला २८ अंश आणि ५० ला ३३ अंश. कोरड्या, स्वच्छ डांबरावर चांगला टायर याहून बरेच अधिक सहन करतो. म्हणून माझे मत असे झाले आहे की वळणावर पडणाऱ्यांपैकी पुष्कळ जण गाडीची मर्यादा ओलांडून पडत नाहीत, तर स्वतःच्या भीतीची मर्यादा आली म्हणून पडतात. मोटारसायकल-सुरक्षेचे अमेरिकन अभ्यासक हॅरी हर्ट यांच्या पथकाने लॉस एंजेलिस परिसरातील ९०० अपघात प्रत्यक्ष जागेवर जाऊन तपासले. १९८१ च्या त्यांच्या अहवालात एकट्या मोटारसायकलच्या अपघातांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत चालकाची चूक नोंदवली आहे, आणि त्या चुकीचे नेहमीचे रूप म्हणजे अति ब्रेकमुळे घसरणे, नाहीतर जास्त वेगामुळे किंवा पुरेसे न वळल्यामुळे वळणाबाहेर जाणे. आपल्याकडे परवान्याच्या चाचणीत आठचा आकडा काढायला लावतात, तोही चालण्याच्या वेगाने. त्या वेगाला हँडल ज्या बाजूला फिरवावे त्या बाजूला गाडी वळते. घाटातल्या वेगाला हे उलटे होते, आणि ते मला पंधरा वर्षांत कोणीही शिकवले नाही.

रस्ताअभियंता

आपण सुखरूप आहात याचे समाधान वाटते, पण आपल्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. आपण पुन्हा त्याच वळणावर त्याच वेगाने गेलात, हे तर मला फारच खटकले. ती त्रिज्या आपल्याला आधी माहीत नव्हती, दुसऱ्या वेळी माहीत होती. अनोळखी घाटात प्रत्येक वळण हे पहिल्यांदाचेच असते.

हेअरपिन वळणाच्या आतल्या कडेची त्रिज्या कमीत कमी १४ मीटर आणि संकल्पित वेग, म्हणजे ज्या वेगासाठी रस्ता आखतात तो, कमीत कमी ताशी २० किलोमीटर असावा, असे इंडियन रोड्स काँग्रेसचे मानक आहे. अशा १४ मीटरच्या वाटेवर २० ला १३ अंश कल पुरतो, पण ४० ला तो ४२ अंशांवर जातो. वेग दुप्पट केला की टायरवरचा आडवा भार चौपट होतो, आणि ओल्या डांबरावर पकड मुळातच बरीच कमी झालेली असते. इथे कौशल्याला फारसा वाव राहत नाही.

त्याहून महत्त्वाचा प्रश्न नजरेच्या टप्प्याचा आहे. ताशी ५० ला प्रतिक्रियेचा एक सेकंद धरला तर ब्रेक लागण्याआधीच १४ मीटर जातात, पुढे थांबायला १६. डोंगराच्या आडून २० मीटरच दिसत असतील, तर कितीही शिकलेला चालक पलीकडे बंद पडलेल्या टेंपोवर आदळणारच. केंद्रीय परिवहन मंत्रालयाच्या २०२२ च्या आकडेवारीनुसार रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली, त्यांतील ४४.५ टक्के दुचाकीवरची होती, आणि मृत्यूंपैकी ७१ टक्के अतिवेगाच्या नावावर आहेत. रोग वेगाचा आहे. तंत्र शिकवल्याने आत्मविश्वास वाढतो आणि त्या आत्मविश्वासाचे पुढच्या रविवारी ताम्हिणीत काय होते, हे मी अनेकदा पाहिले आहे.

घाटवाट

नजरेच्या टप्प्याबद्दल आपण म्हणता ते मला मान्य आहे, आणि त्या वळणावर त्याच वेगाने परत जाणे ही माझी चूक होती, हेही मान्य करतो. मात्र ‘अतिवेग’ या रकान्यावर माझा विश्वास नाही. पंचनाम्यात ‘भरधाव वेगातील वाहनावरील ताबा सुटल्याने’ असे लिहिले की चौकशी संपते. ताबा नेमका कसा सुटला, पुढचे चाक ब्रेकने अडकले, की नजर दरीकडे खिळली आणि गाडी नजरेमागून गेली, हे कोणी विचारत नाही. आपल्या वाहतुकीत, जिथे आपण डावीकडून चालतो, डाव्या वळणावर बाहेर गेलेला समोरच्या गाडीवर जातो आणि उजव्या वळणावर बाहेर गेलेला साइडपट्टीवरून खाली जातो. हे दोन वेगळे मृत्यू आहेत आणि दोन्ही एकाच शब्दात बसवले जातात.

वेग कमी ठेवूनही एक दिवस वळण फसवतेच. त्या क्षणी डावीकडे अधिक वळण्यासाठी डावे हँडल पुढे ढकलायचे असते. त्यामुळे पुढचे चाक निमिषभर उजवीकडे जाते आणि गाडी डावीकडे कलते. सायकलवरही हेच घडते. विमान बनवणाऱ्या राइट बंधूंपैकी विल्बर राइट यांनी अनेक सायकलस्वारांना विचारले, तेव्हा आपण आधी उलट बाजूला हँडल फिरवतो हे कोणालाच ठाऊक नव्हते. शरीर हे नकळत करते, पण घाबरलेले शरीर हात ताठ धरते आणि तेवढेही करू देत नाही. ज्याला हे जाणूनबुजून करता येते, त्याच्या हातात त्या क्षणी काहीतरी उरते.

पहाटप्रवासी

मी तंत्राच्या बाजूचा आहे, पण ‘ब्रेकला हात न लावता’ हा धडा अर्धवट आहे. टायरची पकड ही एकच शिदोरी आहे आणि ती वळणे व थांबणे यांत वाटली जाते. वळण्यासाठी ८० टक्के पकड वापरली तरी ब्रेकसाठी सुमारे ६० टक्के उरते, कारण हे दोन्ही जोर एकमेकांशी काटकोनात असतात. मात्र ही उरलेली पकड हळूहळू दाब वाढवणाऱ्यालाच मिळते, झटका देणाऱ्याला नाही. वळणात शिरताना पुढचा ब्रेक हलकेच धरून तो कल वाढेल तसा सोडत जाणारा माणूस वळण आवळले तरी वेग आणखी उतरवू शकतो. आधीच ब्रेक सोडून मोकळा झालेल्याला मात्र तो नव्याने, तेही घाबरून, धरावा लागतो, आणि आपले वरंध्यात नेमके तेच झाले.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या, भरवशावरही राहू नये. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीवरील प्रत्येक नव्या मोटारसायकलला ते सक्तीचे आहे, पण साधे एबीएस सरळ रेषेतल्या ब्रेकसाठी घडवलेले असते. कल मोजून ब्रेक सांभाळणारी प्रणाली महाग गाड्यांवरच असते.

आणखी एक गोष्ट सांगतो, जी रस्त्यावर फार दिसते. उजव्या वळणावर चालक मधल्या रेषेला चिकटून कलतो तेव्हा चाके रेषेच्या आत असतात, पण डोके पलीकडच्या मार्गिकेत असते. समोरून एसटी आली तर चाकांची जागा बरोबर असून उपयोग नाही. म्हणून वळणात उशिरा, बाहेरच्या बाजूने आणि पुढचा रस्ता उलगडल्यावरच आत यावे. मी याला वेगाचे तंत्र मानत नाही, पाहण्याचे मानतो.

मागचीसीट

आपण सगळे ज्या गाड्यांबद्दल लिहीत आहात त्या रविवारच्या गाड्या आहेत. माझी ११० सीसीची आहे आणि मी तिच्यावर पत्नीला डबलसीट घेऊन कुंभार्ली घाटातून चिपळूणला जातो. मागे पिशव्याही असतात. मागचे शॉकॲब्सॉर्बर बसलेले असले की सेंटर स्टँड फार लवकर टेकतो, आणि एकदा तो जोरात टेकला की मागचे चाक उचलले जाते. २८ अंश, ३३ अंश ही चैन माझ्या गाडीला परवडत नाही. माझ्यासारख्या माणसाला हँडल ढकलायला शिकवण्याआधी, हवा तपासायला आणि वळणाआधी एक गिअर खाली घ्यायला शिकवावे.

शिवाय वळणाच्या आतल्या बाजूला साइडपट्टीवरचा मुरूम आणि बारीक कच अवजड गाड्यांच्या मागच्या चाकांनी रस्त्यावर ओढली जाते, नेमकी जिथे आम्ही कलतो तिथे. पावसाळ्यानंतर त्यात शेवाळाची भर पडते. ती जागा झाडून घेणे हे कोणत्या तंत्रात बसते?

रस्ताअभियंता

शेवटचा मुद्दा माझ्या क्षेत्रावर येतो आणि तो मी नाकारत नाही. साइडपट्टी पक्की केली तर कच रस्त्यावर येत नाही. हे काम सोपे आहे आणि तरी ते राहून जाते. पहाटप्रवासींनी सांगितलेले उशिरा आत येणेही मी स्वीकारतो, कारण त्यात दिसेपर्यंत थांबणे आहे. मात्र हँडल ढकलण्याचे प्रशिक्षण घाटात मिळता कामा नये, एवढ्यावर मी ठाम आहे. ते मोकळ्या मैदानावर, ३० च्या वेगाने, सांगणारा माणूस बाजूला उभा असताना व्हावे.

घाटवाट

मैदानावर, हे मान्य. गेले दोन रविवार मी मोकळ्या मैदानावर ३० च्या वेगाने तेच करतो आहे. पहिल्या दिवशी डावे हँडल पुढे ढकलताना हात अक्षरशः नकार देत होता, इतकी जुनी सवय विरुद्ध बाजूची आहे. मागचीसीट यांना विनंती आहे की त्यांनी पत्नीला मागे बसवून एकदा हेच, त्याच वेगाने, करून पाहावे, कारण भार असताना गाडी किती उशिरा कलते हे मला अजून कळलेले नाही आणि घाटात उतरणारी बहुतेक कुटुंबे त्यांच्यासारखीच जातात. वेग कमी ठेवण्याला माझा विरोध कधीच नव्हता. वेग कमी असूनही वळण फसले, तर पुढच्या दोन सेकंदांत त्या माणसाने काय करायचे, याचे उत्तर मात्र रस्ताअभियंता यांनी अजून दिलेले नाही.